बेथोव्हेनच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्तोतला कॅडेन्झा: वाजवावा, छोटा करावा की स्वतः रचावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी १७ वर्षांची आहे आणि तिला डिसेंबरात बेथोव्हेनचा दुसरा पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची तीन भागांची रचना), म्हणजे बी-फ्लॅट मेजर या स्वरपट्टीतला ओपस १९, वाजवायचा आहे. ऑर्केस्ट्राचा भाग तिच्या बाई दुसऱ्या पियानोवर वाजवतील. बाकी सगळं बसत आलं आहे, पण पहिल्या भागाच्या शेवटचा कॅडेन्झा, म्हणजे ऑर्केस्ट्रा थांबल्यावर पियानोने एकट्याने वाजवायचा तुकडा, तिला ‘दुसऱ्याच कुणीतरी लिहून मध्ये चिकटवल्यासारखा’ वाटतो. तो गाळावा, कापून छोटा करावा की तिनेच नवा रचावा, असं तुम्ही विचारलंय. शिवाय बेथोव्हेन स्वतःच या कॉन्चेर्तोला कमी लेखायचा असं कुठेतरी वाचल्यामुळे रचनाच बदलावी का, अशी शंकाही तुमच्या मनात आहे.

आधी मुलीला सांगा की तिच्या कानाने अगदी बरोबर पकडलंय. मी २८ वर्षं पियानो शिकवते आहे. हा कॉन्चेर्तो अनेक मुलांकडून बसवून घेतला, पण ही तक्रार स्वतःहून करणारी मुलं मला क्वचितच भेटली. बहुतेक जण कॅडेन्झा म्हणजे ‘अवघड पानं’ एवढंच धरून चालतात. तिला जो सांधा ऐकू येतो तो खरोखरच तिथे आहे. कॉन्चेर्तोचा मूळ भाग विशीच्या आसपासच्या बेथोव्हेनचा आहे आणि तो कॅडेन्झा जवळपास चाळिशीतल्या बेथोव्हेनचा. माणूस एकच, पण मधल्या काळात त्याचं संगीत पार बदललेलं. त्यामुळे हा सांधा तिने कसा हाताळायचा, हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मी धरते. अवघडपणा त्यानंतरचा.

या रचनेचा जन्म समजला की निम्मं उत्तर मिळतं. ‘दुसरा’ हा क्रमांक छपाईमुळे पडला. सी मेजरमधला कॉन्चेर्तो १८०१ सालच्या मार्चमध्ये व्हिएन्नात छापून आला, म्हणून तो पहिला. आपला बी-फ्लॅटमधला त्याच वर्षाच्या डिसेंबरात लाइपझिगच्या हॉफमाइस्टर आणि क्यूनेल यांनी काढला, म्हणून तो दुसरा. पण याची सुरुवात बेथोव्हेन बॉन शहरात राहत असतानाच, १७९०च्या आधी, झाली होती. (त्याही आधीचा, वयाच्या तेराव्या वर्षीचा, ई-फ्लॅटमधला एक कॉन्चेर्तो आहे. पण त्याचा फक्त पियानोचा भाग उरला आहे, म्हणून तो मोजणीत धरत नाहीत.) १७९२च्या नोव्हेंबरात बेथोव्हेन व्हिएन्नात आला तेव्हा हा कॉन्चेर्तो त्याच्या सामानात होता असं म्हटलं तरी चालेल. पुढची काही वर्षं तो त्यात फेरफार करत राहिला. शेवटचा भाग, म्हणजे रोंडो (एकच धून पुन्हापुन्हा परतणारी रचना), तर त्याने पूर्णच बदलला. आधीचा रोंडो आज स्वतंत्र तुकडा म्हणून वाजवला जातो. १७९८ साली प्रागमध्ये वाजवण्यासाठी त्याने पुन्हा एकदा हात फिरवला.

एवढी वर्षं तो हा कॉन्चेर्तो मैफलीत वाजवत होता, पण पियानोचा भाग पूर्ण लिहिलेलाच नव्हता. १८०१च्या एप्रिलमध्ये त्याने प्रकाशकाला कळवलं की माझ्या सवयीप्रमाणे स्कोअरमध्ये (सगळ्या वाद्यांच्या एकत्रित स्वरलेखनात) पियानोचा भाग लिहिलेला नव्हता, तो आत्ता लिहून काढलाय, आणि घाईमुळे तुम्हाला तो माझ्याच वाईट अक्षरात मिळेल. मी प्रत्येक विद्यार्थ्याला हे पत्र सांगते. तुमच्या मुलीसमोर आज जी छापील पानं आहेत ती एका वादकाच्या बोटांनी दहाएक वर्षांत पक्क्या केलेल्या गोष्टींची उशिरा केलेली नोंद आहे. त्या नोंदीतही कॅडेन्झाची जागा रिकामीच होती. ऑर्केस्ट्रा एका लांबवलेल्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर) थांबायचा, बेथोव्हेन मनात येईल ते वाजवायचा, शेवटी ट्रिल (दोन शेजारच्या स्वरांची जलद अदलाबदल) घ्यायचा आणि ऑर्केस्ट्रा परत सुरू व्हायचा. त्या जागी त्याने तरुणपणी काय वाजवलं, ते हवेत विरून गेलं.

मग सध्याचा कॅडेन्झा आला कुठून? तो १८०९च्या सुमाराचा आहे. बहुधा त्याचा शिष्य आर्चड्यूक रुडॉल्फ, म्हणजे सम्राटाचा धाकटा भाऊ, याच्यासाठी लिहिलेला. त्या काळात बेथोव्हेनने आपल्या आधीच्या कॉन्चेर्तोंसाठी कॅडेन्झे लिहून ठेवले. त्यामागचं कारण मला फार हळवं करतं. १८०८ सालच्या २२ डिसेंबरला त्याने चौथा कॉन्चेर्तो स्वतः वाजवला आणि त्यानंतर ऑर्केस्ट्राबरोबर एकल वादक म्हणून तो पुन्हा मंचावर आला नाही. कान साथ देत नव्हते. आतापर्यंत जी जागा तो बसल्या बसल्या भरायचा ती आता इतरांचे हात भरणार होते, म्हणून त्याने ती लिहून दिली. त्याच १८०९मध्ये रचलेल्या पाचव्या कॉन्चेर्तोत तर त्याने स्पष्ट सूचनाच घातली की इथे कॅडेन्झा वाजवू नये, लगेच पुढे जावं.

म्हणजे तुमच्या मुलीच्या हातात दोन वेगळ्या काळांचं लेखन आहे. पहिला भाग हेडन आणि मोझार्ट यांच्या संगीतावर वाढलेल्या तरुणाचा आहे. वाद्यं बेताची: एक बासरी, दोन ओबो, दोन बसून, दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, नगारे काहीच नाहीत. वाक्यं स्वच्छ आणि डाव्या हाताला मोकळा श्वास. कॅडेन्झा मात्र पहिल्या थीममधला तो ठसकेबाज, टिंब दिलेल्या (लांब-आखूड नोटांच्या) लयीचा तुकडा उचलतो आणि त्याचा फ्युगाटो करतो. एक आवाज सुरू होतो, दुसरा त्याच्या मागे येतो, मग तिसरा, आणि सगळे एकमेकांत घुसत जातात. पुढे बी-फ्लॅटमध्येच त्याने जो प्रचंड ‘हॅमरक्लाव्हिअर’ सोनाटा लिहिला त्याची चाहूल इथे लागते, असं अनेक वादक म्हणतात. माझंही तेच मत आहे.

आता रचना बदलण्याच्या शंकेबद्दल, कारण हे लवकर संपेल. ‘माझ्या उत्तम रचनांपैकी नाही’ असं तो म्हणाला हे खरं. प्रकाशकाकडे त्याने सोनाटासाठी २० डुकाट (तेव्हाची सोन्याची नाणी) मागितले आणि या कॉन्चेर्तोसाठी फक्त १०. पण त्याच पत्रव्यवहारात तो म्हणतो की यापेक्षा चांगले मी पुढच्या दौऱ्यासाठी स्वतःकडे ठेवतोय. हा एका फिरत्या वादकाचा व्यवहार आहे. नवा माल हाताशी ठेवायचा आणि जुना विकायचा. शिवाय ३० वर्षांच्या माणसाला आपलं विशीतलं काम थोडं कच्चं वाटतंच. रचना बदलू नका. १७ वर्षांच्या हातांना यापेक्षा चांगला बेथोव्हेन कॉन्चेर्तो मला तरी माहीत नाही.

कॅडेन्झाकडे परत येते. काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे. हे वादन स्पर्धेसाठी किंवा परीक्षेसाठी असेल तर आयोजकांना आधी विचारा. काही ठिकाणी रचनाकाराचाच कॅडेन्झा लागतो, काही ठिकाणी वेळेची मर्यादा असते. घरगुती किंवा शाळेतला कार्यक्रम असेल तर निर्णय पूर्ण तुमचा. दुसरं म्हणजे तिचा डावा हात. फ्युगाटोत डाव्या हाताला उजव्याइतकंच स्पष्ट बोलावं लागतं. तिने बाखचे तीन आवाजांचे इन्व्हेन्शन किंवा दोन-चार फ्यूग (आवाजांच्या अशाच पाठलागावर रचलेले तुकडे) नीट केले असतील तर पाया तयार आहे. नसतील तर डिसेंबरपर्यंत हा कॅडेन्झा फक्त नोटा म्हणून बसेल, संगीत म्हणून बसायला वेळ पुरणार नाही. आणि तिसरं, तिच्या बाईंचं मत. त्या तिचे हात रोज पाहतात, मी पाहिलेले नाहीत.

तरीही माझा कल सांगते. बेथोव्हेनचा कॅडेन्झा कापून छोटा करणं मला पटत नाही. त्यात आवाज एकमेकांवर रचत गेलेले आहेत. मधले १५-२० बार (मात्रांचे ठरलेले गट) काढले की चढण न चढताच माथ्यावर उभं राहिल्यासारखं होतं आणि ऐकणाऱ्याला काहीतरी हुकलं हे जाणवतं. तेव्हा एक तर तो पूर्ण वाजवावा, नाहीतर तिने स्वतःचा रचावा. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. कॅडेन्झाची शैली मूळ रचनेशी जुळली पाहिजे असा हट्ट खुद्द बेथोव्हेनचाही नव्हता. मोझार्टच्या डी मायनर कॉन्चेर्तोसाठी त्याने कॅडेन्झे लिहिले ते सरळ आपल्या भाषेत लिहिले, आणि आज जगभर वादक तेच वाजवतात. रॉबर्ट लेव्हिनसारखे वादक तर आजही मंचावर बसून कॅडेन्झा तिथल्या तिथे रचतात.

समजा, तिने बेथोव्हेनचाच घेतला. तर सांधा लपवू नका. मी स्वतः पहिल्यांदा वाजवला तेव्हा उलटं केलं होतं. पहिल्या भागाच्याच वेगात, त्याच हलक्या स्पर्शाने फ्युगाटोत शिरले, दोन्ही एकजीव वाटावेत म्हणून. तिसरा आवाज आल्यावर सगळं एकमेकांत मिसळून गेलं आणि मला माझाच डावा हात ऐकू येईना. नंतर मी वेगळी वाट धरली. ऑर्केस्ट्राचा कॉर्ड थांबला की घाई न करता एक पूर्ण श्वास घ्यायचा. मग पहिला आवाज असा वाजवायचा की जणू तीच थीम आहे, पण सांगणारा आता वयाने मोठा झाला आहे. थोडा वजनदार स्पर्श, टिंबानंतरची छोटी नोट अगदी नेमकी, पेडल जवळपास नाहीच. ताकद सुरुवातीलाच खर्च करू नये. हा कॅडेन्झा साधारण तीन मिनिटांचा आहे. १३-१४ मिनिटांच्या भागात ही मोठी जागा झाली, आणि जोर शेवटपर्यंत पुरवायचा असतो.

सरावासाठी पहिला आठवडा एकेक आवाज सुटा वाजवून घ्या, ज्या बोटांनी शेवटी वाजवायचा आहे त्याच बोटांनी. मग एक आवाज गायचा आणि दुसरा वाजवायचा. मुलांना गायला संकोच वाटतो, पण जो आवाज गाता येत नाही तो वाजवताना हरवतोच, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. दोन्ही हात एकत्र आणायची घाई तिसऱ्या आठवड्याआधी करू नका.

आता दुसरा मार्ग. इथे मला जास्त वेळ थांबायचंय, कारण आपल्याकडे मुलांना हे कुणी शिकवतच नाही. कॅडेन्झा रचणं हे फार मोठ्या माणसांचं काम आहे असा समज आहे. त्या काळी ते वादकाचं रोजचं काम होतं. गाण्यातली ‘उपज’ तुम्हाला माहीत असेल तर कल्पना थोडी जवळ येईल. फरक एवढाच की रागाच्या चौकटीऐवजी इथे दोन ठरलेले कॉर्ड आहेत. एकावरून निघायचं, दुसऱ्यावर पोचायचं, आणि मधल्या प्रवासात या भागातलीच सामग्री वापरायची.

निघायचा कॉर्ड म्हणजे ऑर्केस्ट्रा ज्यावर थांबतो तो: बी-फ्लॅटचा कॉर्ड, पण तळाला एफ. पोचायचं ते एफवरच्या सेव्हन्थ कॉर्डवर, उजव्या हातात सी या नोटेची लांब ट्रिल घेऊन. ट्रिल सुटली की बी-फ्लॅट, आणि ऑर्केस्ट्रा आत. म्हणजे संपूर्ण कॅडेन्झाभर तळाला मनात एफ वाजत राहतो, एवढं तिला समजलं तर अर्धं काम झालं.

सामग्री म्हणून मी दोनच गोष्टी निवडायला सांगते. एक, सुरुवातीचा ठसका आणि त्याला लगेच मिळणारं मऊ उत्तर. ही जोडी या भागाचा कणा आहे. दुसरी, पियानो पहिल्यांदा आत येतो तेव्हाची शांत धून, जी ऑर्केस्ट्राने आधी वाजवलेलीच नसते. एवढ्यावर २०-२४ बार आरामात होतात. कुठे भटकायचं हेही बेथोव्हेनने दाखवून ठेवलंय. पहिल्या भागाच्या सुरुवातीला ऑर्केस्ट्रा जोरात सी या नोटेवर येऊन थांबतो आणि अचानक अर्धा स्वर वर सरकून डी-फ्लॅट मेजरमध्ये अगदी हलक्या आवाजात बोलू लागतो. मला ती जागा या भागातली सगळ्यात सुंदर वाटते. तिच्या कॅडेन्झात मध्यावर असाच एक डी-फ्लॅटचा झरोका उघडू द्या. चार बार पुरेत. तिथून एफकडे परतताना एक स्केल किंवा अर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागोमाग) घ्यावा आणि मग ट्रिल. पियानोच्या अगदी वरच्या टोकाला जाऊ नये. त्या काळचा पियानो पाच सप्तकांचाच होता आणि वरच्या एफपाशी संपायचा. ती मर्यादा पाळली की रंग आपोआप जुळतो.

रचलेलं लिहून काढायचं, पण मंचावर जाईपर्यंत थोडं बदलत राहू द्यायचं. माझ्या एका विद्यार्थिनीने असा २२ बारांचा कॅडेन्झा केला होता. कार्यक्रमाच्या दिवशी तिने डी-फ्लॅटवर ठरल्यापेक्षा दोन बार जास्त थांबायचं तिथल्या तिथे ठरवलं. दुसऱ्या पियानोवर मी होते. मला ते इतकं आवडलं की पुढच्या विद्यार्थ्यांनाही मी ते दोन बार सुचवत आले.

दोनपैकी काहीही निवडलं तरी एक काम आधी करून घ्या. पहिला भाग बाजूला ठेवा आणि तिला अदाजिओ, म्हणजे दुसरा भाग, शेवटापासून शिकवा. तिथे शेवटाकडे ऑर्केस्ट्रा अगदी तसाच थांबतो, जसा कॅडेन्झाआधी थांबतो. ऐकणारा आता पियानोची आतषबाजी होणार म्हणून वाट बघतो, आणि पियानो फक्त एकेरी स्वरांची एक ओळ बोलतो. तिथे ‘मोठ्या भावनेने’ अशी इटालियन सूचना लिहिलेली आहे. साथीला कॉर्ड नाहीत. मध्ये मध्ये ऑर्केस्ट्रा हळूच उत्तर देतो. ज्या जागी वादकाने काय वाटेल ते करावं, त्या जागी तरुण बेथोव्हेनने स्वतः काय केलं, याचा हा लिहिलेला पुरावा आहे. मुलांना तिथे वाटतं की काहीच चाललेलं नाही, म्हणून ती घाईने पुढे जातात. तुमच्या मुलीला तिथे बोलता आलं तर पहिल्या भागातल्या कॅडेन्झात कुठे थांबायचं हे तिला आपोआप कळेल.

त्या ओळीत बेथोव्हेनने पेडल लांबवर धरून ठेवायला सांगितलंय. त्याच्या पियानोचा स्वर लवकर विरायचा, आपल्या मोठ्या पियानोवर तसंच केलं तर स्वरांचा चिखल होतो. मी पेडल अर्धंच दाबायला सांगते आणि स्वर फार साचले की थोडं हलवून घ्यायला. पूर्ण सोडायचं मात्र नाही, कारण स्वर एकमेकांच्या सावलीत यावेत हीच तर त्याची इच्छा आहे.

रोंडोबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी एक गोष्ट सांगते, कारण मुलं तिथे नेहमी गडबडतात. त्याच्या थीममध्ये जोर चुकीच्या जागी दिल्यासारखा आहे, आधी आखूड नोट आणि मग लांब. शेवटाजवळ पियानो तीच थीम ‘जी’ मेजर स्वरपट्टीत, म्हणजे भलत्याच सुरात, आणि जोर ‘सरळ’ करून वाजवतो. हा मुद्दाम केलेला विनोद आहे. जोर सरळ झाला हे ऐकू यायला हवं असेल तर आधीचा वाकडा जोर प्रत्येक वेळी ठामपणे यायला हवा. घरी टाळी वाजवून दोन्ही लयी म्हणून बघा, तुम्हालाही फरक लगेच कळेल.

शेवटचं काम तुमचं आहे, तिचं नाही. दोन पियानोंवर कॉन्चेर्तो म्हणजे दोन्ही वाद्यं एकाच ट्युनरने, एकाच दिवशी, एकमेकांशी जुळवलेली हवीत. एका सभागृहात आम्हाला ही खातरजमा न करता वाजवायची वेळ आली होती. पावसाळ्यात एक पियानो उतरलेला होता, आणि ट्रिलनंतर मी दुसऱ्या पियानोवर आत आले तो क्षणच बेसूर झाला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दोघींना नेमकी तीच जागा, ट्रिलचे शेवटचे दोन बार आणि ऑर्केस्ट्राचा प्रवेश, निदान दहा वेळा वाजवू द्या. ट्रिल सुटताना मुलीने बाईंकडे बघायचं, आणि बाईंनी तिच्या उजव्या मनगटाकडे.